"आवाज गेले, मग कामावर का टिकत नाही?" : एका संशोधन-अनुदानाची साडेतीन वर्षे

मार्च 2022 मध्ये मानसोपचार विभागाच्या ओपीडीत एका आईने विचारलेल्या प्रश्नापासून या सगळ्या खटाटोपाला सुरुवात झाली. तिच्या मुलाला स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन सहा वर्षे झाली होती. औषधे नियमित चालू होती, भास थांबले होते, झोप लागत होती, आणि केसपेपरवर त्याच्या नावापुढे 'स्थिर' असा शेरा होता. "ताई, कानातले आवाज गेले म्हणता, मग पोरगं कामावर का टिकत नाही?" असे ती म्हणाली. मुलगा एका वर्कशॉपमध्ये लागला होता. मालकाने सकाळी तीन कामे सांगितली, तर पहिले संपेपर्यंत उरलेली दोन त्याच्या डोक्यातून गेलेली असत. पंधरा दिवसांत त्याला घरी बसवण्यात आले.

या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राला माहीत नाही असे नाही. स्किझोफ्रेनियात लक्ष, स्मरण आणि कामाची आखणी या संज्ञानात्मक क्षमतांवर परिणाम होतो, भास कमी करणाऱ्या औषधांचा त्यांना फारसा उपयोग होत नाही, आणि या क्षमतांना सरावाने बळ देण्याच्या, म्हणजे संज्ञानात्मक पुनर्वसनाच्या, पद्धती जगभर वापरल्या जातात. मला त्यातली एक पद्धत वही-पेन्सिलीवर, मराठीत, संगणकाविना, बारा आठवड्यांच्या छोट्या गटात चालवून तिचा खरोखर उपयोग होतो का हे तपासायचे होते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे माझी नोंदणी आहे, आणि एका खासगी ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करते. तोपर्यंत मी एक रुपयाचेही अनुदान मिळवलेले नव्हते. निधी देणाऱ्या संस्थेचे आणि महाविद्यालयाचे नाव पुढे कोठेही येणार नाही, आणि रुग्णांचे तपशील ओळख पटू नये एवढे बदललेले आहेत.

उन्हाळ्याची सुट्टी पैसे कोठे मागावेत हे शोधण्यात गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हे पहिले नाव सर्वांनी सांगितले. 1969 पासून काम करणारी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद मानसशास्त्राला आपला विषय मानते, पण माझा अभ्यास रुग्णांवरील उपचाराचा होता. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा संज्ञान-विज्ञानाचा उपक्रम 2008 पासून आहे, आणि जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्सही त्याच वर्षी सुरू झाली. तिच्या फेलोशिपसाठी लागणारी प्रकाशनांची यादी मात्र माझ्याजवळ नव्हती. परदेशी पैशांचा विचार मी दोन दिवसांत सोडला. परकीय योगदानाच्या कायद्याखालील नोंदणी आमच्या ट्रस्टकडे नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने आलेला परदेशी निधी दुसरीकडे वळवण्याची वाटही बंद झाली आहे. ज्यांना परदेशी सहकाऱ्यासोबत काम करायचे असेल, त्यांनी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीच्या परवानगीचा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. गंभीर मानसिक आजारावर काम करणारा मानसशास्त्रज्ञ वैद्यक आणि समाजशास्त्रे यांच्या मधल्या ओसरीत उभा असतो, हे मला त्या सुट्टीत पहिल्यांदा नीट कळले. कोणत्या दारावर टकटक करायची हे ठरवण्याआधी त्या संस्थेने मागील काही वर्षांत मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी वाचावी. संकेतस्थळावरील उद्दिष्टांपेक्षा ती यादी अधिक खरे बोलते.

पहिला अर्ज सप्टेंबर 2022 मध्ये केला आणि तो जानेवारी 2023 मध्ये नामंजूर झाला. कारणे चार ओळींत होती: मुख्य संशोधक मानसोपचारतज्ज्ञ नाही, नमुन्याच्या आकाराचे समर्थन नाही, महाराष्ट्रातील आजाराचे प्रमाण दिलेले नाही, आणि अंमलबजावणीची व्यवहार्यता स्पष्ट नाही. पहिल्या कारणाने मी आठवडाभर चिडलेली होते. राग ओसरल्यावर उरलेली तीन कारणे पुन्हा वाचली, तेव्हा तिन्ही बरोबर असल्याचे मान्य करावे लागले.

नमुन्याचा आकार मी साठ लिहिला होता, कारण साठ माणसे जमतील असे वाटले होते. सामुदायिक वैद्यक विभागातील संख्याशास्त्राचे सर माझा कागद पाहून एवढेच म्हणाले, "तुम्हाला किती फरक अपेक्षित आहे ते आधी ठरवा, मग आकडा मी सांगतो." आमचे दोन गट होते, एक लगेच प्रशिक्षण घेणारा आणि दुसरा सहा महिन्यांनी घेणारा. मध्यम परिणाम, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक, 80 टक्के सामर्थ्य (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली की प्रत्येक गटात 64 माणसे लागतात. बारा आठवड्यांत पाचांतला एक गळेल असे मानले की 80, म्हणजे दोन्ही गट मिळून 160. सरांचा हा हिशेब मी अर्जात पायरी पायरीने मांडला. असा हिशेब करून देणारा माणूस अर्ज लिहायच्या आदल्या आठवड्यात नव्हे, कल्पना सुचल्याच्या पहिल्या महिन्यात गाठावा, आणि त्याला सह-संशोधक म्हणून नाव द्यावे.

महाराष्ट्रातील प्रमाणाचा मुद्दा अधिक अवघड निघाला. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेले 2015-16 चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सर्वजण उद्धृत करतात, आणि त्यात प्रौढांमधील गंभीर मानसिक विकारांचे प्रमाण आयुष्यभरासाठी 1.9 टक्के आणि सर्वेक्षणाच्या वेळी 0.8 टक्के आढळले होते. पण ते सर्वेक्षण 12 राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. पहिल्या अर्जात मी हा आकडा बिनदिक्कत आपल्या राज्याचा म्हणून वापरला होता. दुसऱ्या अर्जात सर्वेक्षणात राज्य नसल्याचे स्पष्ट लिहिले, गुजरात आणि मध्य प्रदेश ही शेजारची राज्ये त्यात असल्याची नोंद केली, आणि आमच्या ओपीडीतील तीन वर्षांची रजिस्टरे घेऊन नोंदी हाताने मोजल्या. त्या मोजणीला जून महिन्याचे सगळे शनिवार गेले. व्यवहार्यतेच्या रकान्यासाठी याहून मोठा पुरावा नव्हता, कारण दरमहा किती जण येतात, त्यांतले किती जण तालुक्यातले आणि कितीजणांसोबत घरचे कोणी असते, हे आता आकड्यांत सांगता येत होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत हा अभ्यास का करत नाही, असेही कोणी विचारील हे गृहीत धरून, आमचा प्रश्न घरी राहून कामावर जाऊ पाहणाऱ्यांचा आहे, हे वाक्य पहिल्याच पानावर घातले.

मुख्य संशोधक मीच राहिले, आणि आमच्या विभागातील एका मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्यांनी सह-संशोधक म्हणून लक्षणांचे मूल्यमापन व औषधांची जबाबदारी घेतली. कोणाचे काम काय याचा अर्ध्या पानाचा तक्ता जोडल्यावर तो आक्षेप पुन्हा आला नाही. माझे काही मानसशास्त्रज्ञ मित्र अशा वेळी मुख्य संशोधकपद डॉक्टरांकडे देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण मग पुढच्या अर्जाच्या वेळी आपला अनुभव पुन्हा शून्यच दिसतो.

संक्षिप्त प्रस्ताव जुलै 2023 मध्ये भरला, तो ऑक्टोबरमध्ये निवडला गेला आणि सविस्तर प्रस्तावासाठी सहा आठवडे मिळाले. त्यातला निम्मा वेळ अंदाजपत्रकाने खाल्ला. लक्षणे मोजण्याची 'पॅन्स' ही 1987 ची 30 घटकांची मापनश्रेणी आणि संज्ञानाच्या बहुतेक चाचण्या स्वामित्वहक्काच्या आहेत, त्यांचे पैसे द्यावे लागतात आणि दर डॉलरमध्ये असतो. प्रकाशकाकडून तारीख असलेले अधिकृत कोटेशन मागवून जोडावे, कारण मंजुरी येईपर्यंत दर बदलतो आणि जुने कोटेशन हाच आपला बचाव असतो. अपंगत्व मोजण्यासाठी भारतीय मानसोपचार संघटनेची 'आयडियाज' ही मापनश्रेणी घेतली, जी दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही वापरली जात असल्याने आमच्या विभागाला सवयीची होती.

चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेत तयार झालेली, काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांवरील भार मोजणारी 40 प्रश्नांची मापनश्रेणीही आम्हाला मराठीत हवी होती. रीतसर परवानगी मागणे, दोघांकडून स्वतंत्र अनुवाद, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट अनुवाद, मग मतभेदांवर बैठक, या सगळ्याचे 14,000 रुपये मानधन मी स्वतःच्या खिशातून दिले. मंजुरीपूर्व खर्च नंतर मिळत नाही. अनुवाद तपासण्यासाठी पाच कुटुंबीयांना बसवले, तेव्हा एका बाईंनी शीर्षकावरच बोट ठेवले. आम्ही तेथे 'ओझे' असे लिहिले होते. "माझं पोर ओझं हाय का तुमच्या लेखी?" असे विचारून त्यांनी कागद उलटा ठेवला, आणि चहा येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. आता त्या कागदावर 'घरच्यांवर येणारा ताण' असे आहे. पुण्या-ठाण्याच्या आधारगटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. माझ्या शास्त्रीय लेखनात ते शब्द बसत नव्हते, पण त्या दिवसापासून घरच्यांना द्यायच्या कागदांवर मी तेच वापरते.

नीतिमत्ता समितीची बैठक फेब्रुवारी 2024 मध्ये झाली. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींवर संशोधन करताना मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याचे कलम 99 वाचल्याशिवाय समितीसमोर जाऊ नये. मुलाखत घ्यायची असली तरी त्या व्यक्तीची स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमती हवी; जिला संमती देता येत नाही पण जी विरोधही करत नाही, तिच्याबाबत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. आम्ही स्वतः संमती देऊ शकणाऱ्यांनाच घ्यायचे ठरवले आणि ती क्षमता कशी तपासणार हे एका स्वतंत्र पानावर लिहिले. एवढ्या तयारीने गेलेल्या मला समितीतील एका निवृत्त शिक्षिकेने अडवले. त्या सामान्य नागरिक म्हणून सदस्य होत्या, आणि त्यांनी माझ्या सहा पानी संमतिपत्रावर लाल पेनाने गोल केले होते. 'यादृच्छिक पद्धतीने गटविभाजन' याला गोल, 'संज्ञानात्मक पुनर्वसन' याला गोल, 'ऐच्छिक सहभाग' यालाही गोल. "बाई, मला हे दोनदा वाचावे लागले, तुमच्या पेशंटने किती वेळा वाचायचे?" असे त्या शांतपणे म्हणाल्या. दुरुस्त संमतिपत्र अडीच पानांचे झाले. त्यात 'कोण कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरेल' असे आहे, आणि 'दुसऱ्या गटाला हेच प्रशिक्षण सहा महिन्यांनी मिळेल' हे ठळक अक्षरांत आहे.

समितीचा दुसरा मुद्दा पैशांचा होता. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, मात्र त्या रकमेचे आमिष होता कामा नये. मी प्रत्येक फेरीला सरसकट 300 रुपये लिहिले होते. समितीने प्रत्यक्ष तिकिटाइतका खर्च आणि सोबत येणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या असे सुचवले. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट असल्यामुळे आई आणि मुलगा असे दोघे आले तर दीडच तिकीट धरावे लागले, आणि अंदाजपत्रकातील त्या रकान्याचे सगळे गणित पुन्हा केले. मला ते तेव्हा किरकोळ वाटले होते. महिन्याभराने समितीचे मंजुरीपत्र मिळाले.

निधी देणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांसमोरचे सादरीकरण मे 2024 मध्ये ऑनलाइन झाले. त्याचा ईमेल स्पॅममध्ये गेला होता आणि मला तो दोन दिवस आधी योगायोगाने दिसला, म्हणून निधीच्या अर्जानंतर स्पॅमची पेटी रोज उघडावी एवढे सुचवते. दहा मिनिटे बोलायचे होते, आठव्या मिनिटाला तज्ज्ञांपैकी एकांनी मध्येच विचारले, "प्रकल्प संपल्यावर हे कोण चालवणार?" हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. विभागातील समाजसेवा अधीक्षक आणि परिचारिका यांना पहिल्या गटापासूनच सोबत बसवू, आणि सराववही छापून कोणालाही वापरता येईल अशी ठेवू, असे मी बोलून गेले. आता तसे करतो आहोत, पण तेव्हा ते अक्षरशः त्या क्षणी सुचले होते.

निधीचे मंजुरीपत्र ऑगस्ट 2024 मध्ये आले. मी तीन वर्षांसाठी 34 लाख मागितले होते, 22 लाख मिळाले. टॅब्लेट आणि दुसरा संशोधन साहाय्यक कापला गेला, प्रवासखर्च मात्र जसाच्या तसा राहिला. बहुधा दीड तिकिटाच्या गणिताचा तो परिणाम असावा. प्रत्येक रकमेमागे कारण दिसले की कात्री दुसरीकडे जाते, असा माझा समज झाला आहे. घरी पेढे आणले. पैसे त्यानंतर पाच महिन्यांनी आले.

त्या पाच महिन्यांबद्दल कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खाते, केंद्राच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीवर संस्थेची नोंदणी, बँकेच्या सही-शिक्क्याचा मँडेट फॉर्म, रद्द केलेला चेक, अधिष्ठात्यांची हमी, आणि हे सगळे जुळले की मग पडताळणी. आमच्या संस्थेच्या नावात पॅन कार्डावर 'अँड' हा शब्द अक्षरांत आणि बँकेत तो चिन्हाने लिहिलेला होता. त्या एका चिन्हावरून फाईल दोनदा परत आली आणि सात आठवडे गेले. लेखा विभागातील भाऊसाहेब पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "मॅडम, आधी नाव जुळवा, मग धावपळ करा." मी ऐकले नव्हते.

या काळात एकच काम पुढे सरकले, ते भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील, म्हणजे सीटीआरआयमधील, नोंदणीचे. तिला शुल्क नाही, पण पहिला सहभागी घेण्याआधी ती पूर्ण असावी लागते, आणि चाचणी गोळीची नसून सरावाची असली तरी ती टळत नाही. शंका विचारल्या जातात, उत्तरे द्यावी लागतात. नोव्हेंबरमध्ये क्रमांक मिळाला. सगळ्यात जड गेले ते फोन करणे. अर्जाच्या वेळी 40 कुटुंबांनी तयारी दाखवली होती आणि मी त्यांची यादी केली होती. डिसेंबरमध्ये पुन्हा फोन केले तेव्हा त्यांतील 11 जण उरले नव्हते: कोणी गाव सोडले होते, कोणाचा आजार उलटला होता, एका घरी वडील गेले होते आणि आणणारे कोणी नव्हते. अशी यादी करणाऱ्याने दर दोन महिन्यांनी फोन करावा, आणि 'लवकरच' हा शब्द वापरू नये.

पहिला हप्ता 17 जानेवारी 2025 रोजी जमा झाला, आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत होते. जाहिरात, मुलाखती, करारनामा यांत फेब्रुवारी गेला. दरमहा 28,000 रुपये व घरभाडे भत्त्यावर संशोधन साहाय्यक मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाली, आणि पहिला सहभागी 24 मार्चला आला. म्हणजे वर्षाचा हप्ता हाती होता आणि खर्च जेमतेम महिन्याचा. मे महिन्यात केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील 'जीएफआर 12-अ' या नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचे विवरण आणि शिल्लक रक्कम पुढील वर्षी वापरण्याची विनंती, अशी तीन कागदपत्रे सनदी लेखापालांच्या सहीने पाठवली. खर्चाच्या एका शीर्षातील पैसे परवानगीशिवाय दुसऱ्या शीर्षात खर्च करू नयेत; मी छपाईचे 3,200 रुपये प्रवासाच्या शीर्षातून दिले होते, ते मला स्वतःच्या खिशातून भरावे लागले. प्रमाणपत्र स्वीकारल्याचे पत्र ऑगस्टमध्ये आणि दुसरा हप्ता सप्टेंबर 2025 मध्ये आला.

प्रवासखर्चाच्या प्रत्येक पावतीला मूळ तिकीट जोडावे लागते, आणि एसटीचे तिकीट म्हणजे हातात चुरगळून जाणारा कागद. पहिल्या गटातील एका आईची तिकिटे दर आठवड्याला हरवत, कधी पिशवीत, कधी पदराच्या गाठीत, आणि मग साध्या कागदावर लिहून घ्यावे लागे. चौथ्या आठवड्यात तिच्या मुलाने औषधांच्या गोळ्यांची रिकामी डबी आणली आणि तिकिटे आता तो सांभाळेल असे सांगितले. सहाव्या आठवड्यात त्याने ती टेबलावर तारखेप्रमाणे लावली: एक पूर्ण, एक अर्धे, जाण्याचे वर, येण्याचे खाली. त्यातले एक कमी होते, आणि ते कोणत्या दिवसाचे हेही त्याने सांगितले. मापनश्रेणीत यासाठी रकाना नाही, त्यामुळे अहवालात ते लिहिलेले नाही. भाऊसाहेबांनी मात्र त्या महिन्याचे बिल एकही शेरा न मारता पास केले.